कादंबरीतले राजकारण आणि दुसरा खर्डा

राजकीय कादंबरी म्हटली की आपल्याकडे दोन तऱ्हांचे वाचक लगेच सावध होतात. पहिल्याला वाटते, आता आपल्याला दोनशे पाने व्याख्यान ऐकावे लागणार. दुसरा शेवटची चार पाने आधी चाळतो, लेखक कोणत्या बाजूचा आहे हे ठरवतो, आणि मग पुस्तक घरी न्यायचे की खाली ठेवायचे याचा निर्णय करतो. दोघांनाही दोष देण्यात अर्थ नाही. त्यांना असे वागायला आपण लेखकांनीच शिकवले आहे. पण दोघेही एक गोष्ट गृहीत धरतात. कादंबरीतले राजकारण म्हणजे लेखकाचे मत, आणि ते मत लेखणी हाती घेण्यापूर्वीच पक्के झालेले असते, असे त्यांना वाटते. हे गृहीत मला मान्य नाही, आणि प्रस्तुत लेखाचा खटाटोप तेवढ्यासाठीच आहे.

फडके-खांडेकरांच्या काळापासून ‘कलेसाठी कला’ की ‘जीवनासाठी कला’ हा वाद आपण घालत आलो. त्या वादाने मराठी वाचकाला विचार करायची सवय लावली, हे त्याचे ऋण मान्यच केले पाहिजे. तरीही त्यात एक साधा प्रश्न बाजूला राहिला. कादंबरी लिहून झाल्यावर लेखक ती पुन्हा हाती घेतो, खोडतो, जोडतो, एखादे प्रकरण फाडून टाकतो. त्या वेळी तो कोणाचे ऐकतो? पहिला खर्डा लिहिताना लेखकाचा हेतू, त्याचा राग, त्याचा जिव्हाळा हे सारे एकाच लोंढ्यात वाहत असते. त्या लोंढ्यातून सत्य किती आले आणि घोषणा किती आल्या, हे त्याला स्वतःलाही उमगत नाही. ते उमगायची वेळ दुसऱ्या खर्ड्याची. कादंबरीतले राजकारण खरोखर कसोटीला लागते ते तेथे.

आपल्याकडे या दुसऱ्या खर्ड्याला प्रतिष्ठा कमीच मिळाली. हरिभाऊ आपट्यांनी ‘करमणूक’ साप्ताहिकातून हप्त्याहप्त्याने कादंबऱ्या दिल्या. पुढचा अंक दारात उभा असताना मागचे पान परतून पाहायला सवड कोठली? मामा वरेरकरांची ‘धावता धोटा’ आणि माडखोलकरांची ‘मुक्तात्मा’ या दोन्ही कादंबऱ्या १९३३ सालच्या. एकीने गिरणगावाला मराठी कादंबरीत आणले, दुसरीने राजकीय ध्येयवादाला. दोहोंवर पुष्कळ लिहिले गेले. पण लेखकाने कोणते पान का बदलले याची चर्चा आपल्या टीकेत क्वचितच सापडते. ‘दुसरी आवृत्ती’ हा आपल्याकडे खपाचा पुरावा असतो, एवढेच.

दिवाळी अंकांनी मात्र मराठी कादंबरीकाराला एक मोठी सोय करून दिली आहे. कादंबरी आधी अंकात येते आणि वर्षा-दोन वर्षांनी पुस्तकरूपाने निघते. मधल्या काळात लेखकाला आपले लिखाण परक्याच्या नजरेने वाचता येते, आणि नेमक्या याच काळात त्याच्या दाराशी सल्लागारांची रीघ लागते. चळवळीतला मित्र विचारतो, तुमचा कार्यकर्ता शेवटी खचतो कशाला? दुसऱ्या गटातला म्हणतो, साखर कारखान्याचा चेअरमन इतका सभ्य का दाखवलात? आपल्या आडनावाचा माणूस लबाड निघाला म्हणून गावचा एखादा गृहस्थ बोलणे टाकतो. प्रकाशक हळूच सुचवतो, बाकी सगळे छान आहे, जातीचा उल्लेख तेवढा काढा. आणि खुद्द लेखकाच्या मनात एक पक्ष दबा धरून बसलेला असतो तो वेगळाच. तो या सर्वांपेक्षा हट्टी. या सगळ्या गलबल्यात कोणता बदल घ्यावा आणि कोणता नाकारावा, हा प्रश्न प्रत्येक कादंबरीकाराला स्वतःच सोडवावा लागतो. मला त्याची उकल करताना तीन परक्या कादंबरीकारांचा उपयोग झाला. ती उदाहरणे येथे थोडी विस्ताराने मांडतो.

१

तुर्गेन्येवची ‘रूदिन’ ही कादंबरी १८५६ साली पीटर्सबर्गच्या ‘सव्रेमेन्निक’ मासिकात आली. दिमीत्री रूदिन हा एका श्रीमंत बाईच्या खेड्यातल्या वाड्यावर पाहुणा म्हणून येतो आणि पहिल्याच संध्याकाळी आपल्या वाणीने सगळ्यांना जिंकतो. स्वातंत्र्य, सत्य, त्याग हे शब्द त्याच्या तोंडी विलक्षण शोभतात. मालकिणीची तरुण मुलगी नताल्या त्या शब्दांवर विश्वास ठेवते. तिचे त्याच्यावर मन जडते, आईचा विरोध उघड होतो, आणि ती एका आटलेल्या तळ्याकाठी त्याला भेटते. घरदार सोडून त्याच्यामागे जायची तिची तयारी असते. आता काय करायचे, एवढेच ती विचारते. रूदिन उत्तर देतो की आईच्या इच्छेपुढे मान तुकवायची. त्या एका उत्तरात त्याची सगळी व्याख्याने कोसळतात.

या पात्रामागे बाकूनिन होता, हे त्या काळच्या साहित्यिक वर्तुळात माहीत होते. बर्लिनच्या विद्यार्थिदशेत तुर्गेन्येव आणि बाकूनिन यांचा निकट सहवास होता. कादंबरी लिहिली जात होती तेव्हा बाकूनिन झारच्या कैदेत पडला होता. जुन्या मित्राचा उपहास करायचा, आणि तोही तो तुरुंगात असताना, हा पेच लेखकापुढे होता. त्याने हस्तलिखित मित्रमंडळींना वाचून दाखवले आणि त्यांच्या सूचनांवरून काही भाग पुन्हा लिहिला. रूदिनचा महाविद्यालयातला सोबती लेझ्नेव प्रथम त्याचे वाभाडे काढतो आणि शेवटी त्याचीच बाजू घेतो. या दुहेरीपणावर चेर्निशेव्स्कीने १८६० साली बोट ठेवले. त्याच्या म्हणण्याचा आशय असा की, शोकनायक व्हायच्या योग्यतेच्या माणसाचे व्यंगचित्र काढायला लेखक निघाला. पुढे चार जणांचे ऐकून त्यावर दुसरे रंग चढवीत बसला. त्यामुळे पात्र धड उपहासाचे राहिले नाही आणि धड गौरवाचेही झाले नाही. आरोपामागे राजकारण होते हे खरे, पण तो लेखनाच्या कसबावरही होता. त्यामुळे तो झटकून टाकण्यासारखा नव्हता.

त्याच १८६० साली निघालेल्या आपल्या ग्रंथसंग्रहात तुर्गेन्येवने कादंबरीच्या शेवटी एक लहानसा प्रसंग जोडला. आधीचा शेवट प्रांतातल्या एका खाणावळीत होता. म्हातारा झालेला, सर्व उद्योगांत हरलेला रूदिन लेझ्नेवला भेटतो आणि रात्रीच्या वाऱ्यात निघून जातो. आता त्यापुढे २६ जून १८४८ची पॅरिसची दुपार आली. कामगारांचे बंड जवळपास चिरडले गेले आहे. एका अरुंद गल्लीतला अडथळ्यांचा कोट सैनिक ताब्यात घेत आहेत, राहिलेले बंडखोर पळत आहेत. अशा वेळी उलथलेल्या ओम्निबसच्या टपावर एक उंच, पिकल्या केसांचा माणूस चढतो. अंगात जुनाट कोट, एका हातात लाल निशाण, दुसऱ्या हातात बोथट वाकडी तलवार. तो चिरक्या आवाजात काही ओरडतो, गोळी लागते, आणि तो कोणाच्या पायावर डोके ठेवावे तसा पालथा पडतो. पळणारा एक बंडखोर दुसऱ्याला सांगतो की तो पोलंडवाला मेला. हा मृत माणूस रूदिन होता, हे वाचकाला सांगून कादंबरी संपते.

ही भर मला राजकीय पुनर्लेखनाचा उत्तम नमुना वाटते. चेर्निशेव्स्कीच्या गटाला खूश करायचेच असते तर तुर्गेन्येवला रूदिनचा हुतात्मा करता आला असता. त्यासाठी मागची तळ्याकाठची भेट सौम्य करावी लागली असती, तलवारीला धार लावावी लागली असती, आणि मरताना त्याच्या तोंडी दोन तेजस्वी वाक्ये घालावी लागली असती. त्याने यांतले काहीही केले नाही. तळे तेथेच आहे, भेकड उत्तर तेथेच आहे. क्रांती हरल्यावर तो तिच्यात उतरतो, परक्या देशात मरतो, आणि त्याचे नाव-गाव त्याच्या शेजारी लढणाऱ्यालाही ठाऊक नाही. तरीसुद्धा, जो माणूस एका मुलीसाठी तळ्याच्या काठावरून एक पाऊल पुढे टाकू शकला नाही, तो बंदुकांसमोर टपावर चढला, ही गोष्टही पुसता येत नाही. नताल्याच्या प्रश्नाचे उत्तर त्याने दिले, पण फार उशिरा आणि भलत्याच पत्त्यावर. ज्या वाचकाने रूदिनला निकालात काढले होते त्याला खटला पुन्हा उघडावा लागतो. ज्याला त्याच्या गळ्यात हार घालायचा आहे त्याचा हातही मध्येच अडतो. लेखकाने टीका ऐकली असेल, पण उत्तर टीकाकाराला दिले नाही. त्याने पात्राला आणखी एक कृती करू दिली.

२

जॉन स्टाइनबेकची गोष्ट याहून टोकाची आहे. १९३६ साली कॅलिफोर्नियातल्या सलीनस या त्याच्या गावी लेट्यूसची भाजी भरणाऱ्या मजुरांचा संप झाला आणि तो दांडगाईने मोडून काढण्यात आला. त्याच साली त्याने ओसाड मुलखातून पोटासाठी आलेल्या स्थलांतरित शेतमजुरांवर एका वृत्तपत्रासाठी लेखमाला लिहिली होती. १९३८च्या आरंभी पुराच्या पाण्यात अडकलेली उपाशी कुटुंबे त्याने डोळ्यांनी पाहिली. या सगळ्या संतापातून त्याने गावच्या धनिकांवर एक उपहासात्मक कादंबरी लिहून पुरी केली. बाजू न्याय्य, माहिती पक्की, राग खरा. प्रकाशकही छापायला तयार. आणि १९३८च्या मे महिन्यात त्याने ती नष्ट केली. आपण लोकांनी एकमेकांना समजून घ्यावे म्हणून आजवर लिहीत आलो आणि हे पुस्तक मात्र द्वेष वाढवण्यापलीकडे काही करीत नाही, अशा अर्थाचे कारण त्याने दिले. लगेच त्याने दुसरी कादंबरी हाती घेतली आणि ऑक्टोबरच्या अखेरीस ती पुरी केली. ‘द ग्रेप्स ऑफ रॉथ’ ती हीच. १९३९च्या एप्रिलमध्ये ती प्रसिद्ध झाली.

आता कोणी म्हणेल की राग सोडला म्हणजे राजकारण सोडले. तसे मुळीच झाले नाही. जमीनदारांच्या संघटना या दुसऱ्या पुस्तकावरच तुटून पडल्या. काही ठिकाणी त्याच्या प्रती जाळण्यात आल्या. फरक असा पडला की पहिल्या पुस्तकाचे लक्ष जुलूम करणाऱ्यांवर होते आणि दुसऱ्याचे जोड कुटुंबावर. ट्रॅक्टर घेऊन घर पाडायला येणारा माणूस त्यात शेजाऱ्याचाच मुलगा आहे. रोजाच्या तीन डॉलरवर त्याची बायकामुले जगतात. घर पाडणाऱ्याला गोळी घालायची तर नेमकी कोणाला, हा शेतकऱ्याचा प्रश्न अनुत्तरित राहतो. सत्तेचे रूप त्या प्रश्नातून जितके कळते तितके शंभर दुष्ट सावकार रंगवूनही कळले नसते.

याच लेखकाने पुढे एक बदल साफ नाकारला, हेही ध्यानात घ्यावे. कादंबरीच्या अखेरीस मृत मूल जन्मलेली तरुण स्त्री एका उपाशी, अनोळखी माणसाला आपले दूध पाजते. हा शेवट प्रकाशकाला अवघड वाटला. निदान त्या माणसाची आधी ओळख करून द्यावी, कथेत त्याला गुंफावे, अशी सूचना झाली. स्टाइनबेक बधला नाही. तो माणूस अनोळखीच असला पाहिजे, हेच त्या प्रसंगाचे मर्म आहे, असे त्याचे म्हणणे होते. ज्याने अख्खे पुस्तक फेकून दिले त्यानेच एका पानासाठी हट्ट धरला, यात मला विसंगती दिसत नाही. दोन्ही वेळा तो एकाच गोष्टीशी इमान राखून होता.

३

तिसरे उदाहरण दुःखाचे आहे. अलेक्सांद्र फादेयेव हा सोव्हिएत रशियाचा नामांकित कादंबरीकार. तरुणपणी लिहिलेल्या त्याच्या यादवी युद्धावरच्या कादंबरीने त्याचे नाव केले होते. १९४२च्या जुलैमध्ये जर्मन सैन्याने दोनबासच्या कोळसापट्ट्यातले क्रास्नोदोन हे खाणकामगारांचे गाव घेतले. तेथल्या मुलामुलींनी गुप्त संघटना उभारली. बहुतेकांचे वय सोळा ते एकोणीस. त्यांनी पत्रके वाटली, क्रांतीच्या वार्षिक दिनी गावात लाल झेंडे लावले, जर्मनीत वेठीला पाठवायच्या लोकांच्या याद्या असलेली कचेरी जाळली. १९४३च्या जानेवारीत त्यांची धरपकड झाली. अतोनात छळ करून त्यांच्यातल्या बहुतेकांना पाचव्या नंबरच्या खाणीच्या विवरात फेकण्यात आले. १४ फेब्रुवारीला गाव मुक्त झाले.

त्याच वर्षी फादेयेव गावात जाऊन राहिला, आईबापांशी बोलला, आणि ‘यंग गार्ड’ ही कादंबरी त्याने १९४५ साली पुरी केली. वाचक अक्षरशः रडले. १९४६ साली तिला स्टालिन पारितोषिक मिळाले. तिचा आरंभच पाहा. नदीकाठी ऊल्या ग्रोमोवा हातात पांढरे कमळ घेऊन उभी आहे, मैत्रिणी हसत आहेत, आणि दुरून तोफांचा आवाज येतो आहे. मग रस्त्यांवरची पळापळ, गाड्यांची कोंडी, कोणाचा कोणाला पायपोस नाही. वडीलधारे निघून गेलेल्या गावात मुले मागे राहतात आणि आता काय करायचे ते एकमेकांना विचारतात. कादंबरीचे बळ या एकटेपणात आहे.

१९४७च्या डिसेंबरात ‘प्रावदा’ने तिच्यावर टीका केली. पक्षाचे मार्गदर्शन कादंबरीत दिसत नाही, माघार फारच गोंधळाची दाखवली आहे, मुले आपल्या आपणच लढल्यासारखी वाटतात, असा आक्षेप होता. खुद्द स्टालिनची नाराजी यामागे होती असे सांगितले जाते. फादेयेव त्या वेळी सोव्हिएत लेखक संघाचा मुख्य कारभारी होता. इतरांच्या पुस्तकांत दुरुस्त्या सुचवणारा हाच. त्याने टीका मान्य केली आणि पुढची तीन-चार वर्षे आपली कादंबरी पुन्हा लिहिण्यात घालवली. ‘तरुण पहाऱ्याचा म्हातारा पहारा करतो आहे’ अशा अर्थाचा कडवट विनोद त्याने त्या काळात केल्याचे प्रसिद्ध आहे. १९५१ साली सुधारलेली आवृत्ती निघाली, आणि पुढे तीच प्रमाण ठरली.

येथे सोपा निकाल देऊन चालणार नाही. नव्या आवृत्तीत ज्या ल्युतिकोवला मोठे स्थान मिळाले तो काल्पनिक नव्हता. गावात मोठ्या माणसांची भूमिगत संघटना होती, आणि तो व त्याचे सोबतीही जर्मनांच्या हातून मारले गेले. एखाद्या इतिहासकाराने ‘ही बाजू राहिली’ असे म्हटले असते तर ते रास्तच ठरले असते. कादंबरीकारालाही ल्युतिकोव हा मोठा विषय होता. मुलांचे प्राण धोक्यात घालावे की नाही, या विचाराने रात्र रात्र जागणारा पन्नाशीचा यंत्रकामगार किती उंचीचे पात्र झाले असते! पण त्याला कादंबरीत बोलावले ते एका आक्षेपाला उत्तर देण्यासाठी. तो आला तो उत्तर होऊनच. त्याच्या येण्याने मुलांच्या प्रत्येक धाडसामागे कोणाची तरी योजना उभी राहिली. पूर्वी मुले चाचपडत होती. आता ती चाचपडतात तेव्हा वाचकाला ठाऊक असते की वाट कोणीतरी आखून ठेवली आहे.

आम्हा शिक्षकांना हा अनुभव रोजचा आहे. मुलाचा निबंध तपासताना लाल शाईने शुद्धलेखन सुधारावे, वाक्य तुटले असेल तर खूण करावी. हुशार दिसावा म्हणून त्याचा निबंधच आपण लिहून दिला, तर निबंध बक्षीस मिळवतो, पण त्यात ते मूल उरत नाही. तपासनीस आला की तो निबंध पुढे करायला ठीक असतो. १९५१च्या आवृत्तीत मला हीच लाल शाई दिसते, आणि ती लेखकाच्याच हातची आहे.

यापुढचा भाग अधिक बोचरा आहे. कादंबरीत स्ताखोविच नावाचा एक मुलगा छळाला भिऊन फितूर होतो. नाव बदललेले असले तरी गावाने त्यात व्हिक्तोर त्रेत्याकेविच याला ओळखले. हा संघटनेच्या उभारणीतला एक प्रमुख मुलगा, आणि तोही इतरांबरोबर त्याच विवरात मारला गेला होता. १९५९ साली चौकशी होऊन त्याच्यावरचा डाग खोटा ठरला, आणि १९६० साली त्याला मरणोत्तर सन्मान देण्यात आला. तोवर त्याच्या आईबापांनी काय सोसले असेल! १९४७ ते १९५१ या काळात एवढी मोठी दुरुस्ती झाली. प्रकरणे नवी आली, जुनी बदलली. पण ज्या एका जागी सत्याला दुरुस्तीची गरज होती ती जागा तशीच राहिली. वरून आलेल्या आज्ञेला ती जागा दिसणे शक्यच नव्हते. तिला पक्षाची प्रतिमा दिसत होती. एका मेलेल्या मुलाचा लौकिक दिसत नव्हता.

फादेयेवची शेवटची कादंबरी पोलादाच्या कारखान्यांवर होती. एक क्रांतिकारक शोध आणि त्याला विरोध करणारे घातपाती, असे तिचे सूत्र होते. १९५३नंतर उघड झाले की तो शोध फोल होता आणि घातपाती ठरवलेली माणसे प्रामाणिक होती. कथानकाची तुळईच मोडली. कादंबरी अपुरी राहिली. १३ मे १९५६ रोजी त्याने मॉस्कोजवळच्या पेरेदेल्किनो येथे आत्महत्या केली. मागे ठेवलेले पत्र १९९०पर्यंत प्रसिद्ध होऊ शकले नाही. ज्या कलेला आयुष्य वाहिले ती सत्ताधाऱ्यांच्या अज्ञानी, आत्मसंतुष्ट कारभाराने नासवली, असा त्यात आक्रोश आहे. तो स्वतः त्या कारभाराचा भाग होता, हे विसरू नये. तरीही त्याच्यावर दगड उचलायला माझा हात धजत नाही.

४

या तीन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवल्या की मला एक कसोटी सापडते. बदल बाहेरच्याने सुचवला की लेखकाला आतून सुचला, यावरून त्याचा कस ठरत नाही. तुर्गेन्येवनेही सल्ले ऐकले होते. बदल झाल्यावर कादंबरीतला माणूस अधिक मोकळा झाला की अधिक बांधला गेला, एवढेच पाहावे. रूदिनला एक कृती मिळाली, जोड कुटुंबाला पुस्तक मिळाले, क्रास्नोदोनच्या मुलांकडून त्यांचा निर्णय काढून घेतला गेला. आणि ही कसोटी आपल्या विरोधकाला आधी लावावी. माझ्या कादंबरीतला चेअरमन, माझा लाचखाऊ तलाठी, माझा पक्षांतर करणारा पुढारी दुसऱ्या खर्ड्यात आपली बाजू पहिल्यापेक्षा चांगली मांडू शकतो का? मांडू शकत असेल तर माझे राजकारण कादंबरीत मुरते आहे. तो नुसताच अधिक काळा होत चालला असेल, तर मी कादंबरी सुधारीत नसून माझ्या गटाकडून शाबासकी मिळवीत आहे.

लेखकाला स्वतःचे मत सांगायचेच असेल तर त्याने ते कादंबरीबाहेर सांगावे आणि तेथेच त्याचा जाब द्यावा. रवींद्रनाथांनी १९३४ साली ‘चार अध्याय’ला एक प्रस्तावनेचा मजकूर जोडला होता. क्रांतिकारक चळवळीत वावरलेले ब्रह्मबांधव उपाध्याय यांच्या अखेरच्या काळातल्या एका भेटीची आठवण त्यात होती. बंगालमध्ये मोठा गदारोळ झाला. पुढच्या आवृत्तीत रवींद्रनाथांनी तो मजकूर काढून टाकला आणि ‘प्रवासी’ मासिकात आपली बाजू स्वतंत्रपणे मांडली. अतींद्र आणि एला यांची कथा मात्र ढळली नाही. जे त्यांचे मत होते ते काढता आले. जे त्या दोघांचे आयुष्य होते ते काढण्याजोगे नव्हते. त्या कादंबरीच्या राजकारणाशी आपण सहमत असू वा नसू, ही रेघ त्यांनी बरोबर जागी मारली असे मला वाटते.

आज दुरुस्तीचा हुकूम ‘प्रावदा’च्या अग्रलेखातून येत नाही, म्हणून तो येतच नाही असे कोणी समजू नये. तमिळ कादंबरीकार पेरुमाळ मुरुगन यांच्या ‘मादोरुबागन’ या २०१०च्या कादंबरीवर २०१४च्या अखेरीस त्यांच्या मुलखात काहूर उठले. १२ जानेवारी २०१५ रोजी सरकारी अधिकाऱ्यांनी बोलावलेल्या बैठकीत त्यांना माफी, आक्षेपार्ह भाग गाळणे आणि न खपलेल्या प्रती मागे घेणे हे सारे कबूल करावे लागले. आपल्यातला लेखक मेला, असे त्यांनी जाहीर केले. जुलै २०१६मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि ते पुन्हा लिहू लागले. निकाल चांगला लागला, पण बैठकीच्या टेबलावर कादंबरीचे पुनर्लेखन ठरवता येते, हे त्या प्रसंगाने दाखवून दिले. मुरुगन हेही पेशाने शिक्षकच होते, हे मला विसरता येत नाही.

आणि अशी बैठक प्रत्येक वेळी बोलवावीच लागते असेही नाही. तालुक्याच्या गावात राहणाऱ्या लेखकाला आपल्या शाळेचे संस्थाचालक, आपली बदली, आपल्या मुलीचे लग्न हे सारे लिहिता लिहिता आठवत असते. तो कोणी न सांगताच एक परिच्छेद गाळतो आणि त्याला ‘कलात्मक संयम’ असे गोंडस नाव देतो. असा परिच्छेद कोणत्याही न्यायालयात परत मागता येत नाही. तो गाळल्याचे कोणाला कळतही नाही.

यावर उपाय मोठे नाहीत, पण काही आहेत. दिवाळी अंकातली कादंबरी पुस्तक होताना काय बदलले, हे प्रकाशकाने चार ओळींत नोंदवावे. ग्रंथालयांनी ते अंक रद्दीत न घालता पुस्तकाशेजारी ठेवावेत. आणि आपल्या टीकाकारांनी ‘लेखक कोणत्या बाजूचा’ हे विचारण्याआधी दोन्ही पाठ एकत्र वाचावेत. लेखकाने पात्राचे ऐकून बदल केला की सभेचे ऐकून, हे तेथे ताबडतोब दिसते. मराठीत यापुढे जी राजकीय कादंबरी लिहिली जाईल तिच्याकडून मी एवढीच अपेक्षा धरतो की, तिच्या लेखकाने आपल्या शत्रूलाही निदान दुसऱ्या खर्ड्यात पोटभर बोलू द्यावे. त्यानंतर ती कोणत्या बाजूची निघाली तरी मी ती विकत घेईन.